दाजी, हास्य क्लबची बस आणू नका

ईटजवळची वाडी, ता. भूम, जि. धाराशिव
दिवाळीच्या अलीकडचा बुधवार

तीर्थस्वरूप दाजी यांच्या चरणी शिवपुत्राचे शरणु शरणार्थी.

इकडं सगळं क्षेम आहे, म्हणजे जे शिल्लक आहे ते क्षेम आहे. तुमचा गुडघा कसा आहे? (मागच्या खेपेला तुम्ही डावा दुखतो म्हणाला होता आणि लंगडत मात्र उजव्यावर होता, म्हणून कुठला ते लिहीत नाही.) अक्काची शुगर आटोक्यात असेल अशी आशा आहे. तिला म्हणावं, सकाळचं चालणं सोडू नको आणि तुमच्या ताटातलं गोड तुमच्याच ताटात राहू दे. थोरामोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, आणि तुमच्या निगडीच्या हास्य क्लबाच्या बेचाळीस सभासदांनाही माझा नमस्कार सांगावा, कारण हे पत्र खरं तर त्यांच्याविषयीच आहे.

तुमचा निरोप पोचला. दिवाळीच्या सुट्टीत क्लबची बस घेऊन आमची सामूहिक फळबाग बघायला यायचं, झाडाखाली सतरंज्या टाकून सीताफळं खायची, आणि मग सगळ्यांनी मिळून गोल उभं राहून हसायचं, असा बेत तुम्ही कळवला आहे. पावसाच्या दुसऱ्या आठवड्यात तुम्ही फोनवर विचारलंत, ‘टीव्हीवर बघितलं, तुमच्याकडं लई पाऊस झाला म्हणे, बागेला बरं झालं असेल,’ तेव्हा मी ‘हो’ म्हणालो. ते ‘हो’ आता मागं घेतो. एसटीत बत्तीस वर्षं कंडक्टरकी केली, त्यात एक गोष्ट शिकलो, की पॅसेंजर मोठ्या आवाजात बोलत असला की आधी हो म्हणावं आणि पुढच्या स्टॉपला काय ते सांगावं. तो स्टॉप आता आला आहे.

बाग कशी झाली हे तुम्हाला तुकड्यातुकड्यांनी माहीत आहे, पण खरं किती आणि मी कळवलेलं किती याचा गोंधळ व्हायला नको म्हणून पहिल्यापासून सांगतो. तीन वर्षांपूर्वी आमचे बुद्धघोष सर जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झाले. निरोपसमारंभात सगळ्यांनी त्यांना शाल दिली, आणि त्यांनी गावाला एक काम दिलं. ओढ्याकाठची चार एकर पडीक गायरान, जिथं फक्त बाभळी आणि बाटल्या उगवत होत्या, तिथं अख्ख्या गावाची म्हणून एक फळबाग लावायची. कुणाच्या मालकीची नाही, आलेलं फळ घरटी वाटायचं. पहिल्या दिवशी खड्डे घ्यायला चाळीस माणसं आली आणि फोटो काढून झाल्यावर पंचवीस राहिली. दुसऱ्या दिवशी अकरा आली. तिसऱ्या दिवसापासून आजपर्यंत आम्ही चौघंच. सर, मी, आमची चन्नम्मा आणि मथुराबाई. (मी खरं तर दुसऱ्याच दिवशी गळणार होतो. चन्नम्मा म्हणाली, ‘बत्तीस वर्षं लोकांना पुढं सरका, पुढं सरका म्हणालात, आता स्वतः जरा सरका.’ तेव्हापासून सरकतो आहे.)

मथुराबाईंना तुम्ही एकदा बघितलंय. बागेच्या कडेला पत्र्याच्या खोलीत एकट्या राहायच्या, सत्तरी कधीच ओलांडलेली, दोन शेळ्या, आणि जिभेला लगाम नाही. लेक बार्शीला दिलेली. बागेचा सगळ्यात मोठा वैरी म्हणजे शेळी, आणि बागेची राखण करणारी बाई शेळ्यावाली, हे मी सरांच्या लक्षात आणून दिलं होतं. सर म्हणाले, ‘चोराचा रस्ता चोराच्या शेजाऱ्याला माहीत असतो.’ मथुराबाईंनी स्वतःच्या शेळ्या दाव्याला बांधल्या आणि गावातल्या बाकी साठ शेळ्यांशी तीन वर्षं युद्ध केलं. शेळीला दगड मारायच्या नाहीत. शेळीच्या मालकाच्या दारात जाऊन बसायच्या आणि येणाऱ्याजाणाऱ्याला त्याच्या घरची जुनी गोष्ट सांगायच्या. दोन गोष्टींत माणूस शेळी बांधून ठेवायचा.

एकशेतीस झाडं लावली. सत्तर सीताफळं, वीस पेरू, दहा जांभळी, पाच चिंचा. हे सगळं सरांचं, कारण त्यांना इथली जमीन कळते. आणि पंचवीस केशर आंबे, हे तुमचं, दाजी. सरांनी सांगितलं होतं की ओढ्याकाठी दीड हातावर मुरूम आहे, आंब्याची मुळी तिथं अडेल. पण तुम्ही आंब्याशिवाय बाग ही बाग नव्हे म्हणालात, आणि पाहुण्याचा शब्द म्हणून आंबे लागले. शिवाय तुम्ही एकशेतीस पत्र्याच्या पाट्याही करून पाठवल्या, प्रत्येक झाडाचं नाव मराठीत, खाली बारीक अक्षरात इंग्रजी का लॅटिन जे असेल ते, आणि कोपऱ्यात निगडीच्या क्लबाचा हसरा चेहरा. रोपं वीतभर आणि पाट्या हातभर. पहिलं वर्षभर लांबून बघणाऱ्याला आम्ही पाट्यांचीच शेती केली आहे असं वाटायचं.

पहिल्या हिवाळ्यात रानडुकरं आली. मी तेरखेड्याहून मोठ्या आवाजाचे फटाके आणले, मथुराबाईंच्या खोलीमागं दबा धरून बसलो आणि दिवस मावळताना डुकरं दिसताच एक लावला. डुकरं घाबरली यात शंका नाही, पण ती बागेतून पळण्याऐवजी बागेतच पळाली. चार झाडं तुडवली गेली. मथुराबाईंच्या शेळ्यांनी दोन दिवस दूध दिलं नाही, आणि ते दोन्ही दिवस माझा चहा बिनदुधाचा, कारण आमच्याकडं दूध त्यांचंच यायचं. चन्नम्मानं त्या काळ्या चहाचा कप पुढं ठेवताना जे ऐकवलं ते वडीलधाऱ्यांच्या पत्रात लिहिता येत नाही.

मग पुढच्या साली पाऊस गेला. गेला म्हणजे आलाच नाही. त्यानंतरचा उन्हाळा तुम्हाला माहीत आहे, तुम्ही त्या वेळी फोनवर पाणी उकळून पिण्याचा सल्ला दिला होता. उकळायला आधी पाणी लागतं, दाजी. मार्चमध्ये बोअर बंद पडली, एप्रिलमध्ये टँकर सुरू झाले, आणि माणसाला घागर मोजून मिळत असताना झाडाला पाणी मागायला तोंड नव्हतं. तेव्हा चन्नम्मा आणि मथुराबाईंनी घरोघर जाऊन सांगितलं, ‘अंघोळीचं, भांड्याचं जे सांडपाणी असेल ते बादलीत ठेवा, आम्ही नेतो.’ दीड महिना दोघी दोन बादल्या घेऊन गावभर फिरल्या. सर आणि मी खांद्यावर कावड करून ते बागेत न्यायचो आणि झाडाशेजारी पुरलेल्या गाडग्यांत ओतायचो. गाडग्याच्या बुडाला भोक, भोकात चिंधी, चिंधीतून थेंब थेंब मुळाला. कुणाच्या घरी पाहुणे आले की मथुराबाईंना आनंद व्हायचा. ‘लई मानसं आल्यात, अंघोळी करतील,’ असं म्हणून त्या चिंचेच्या रांगेकडं बघायच्या. एका घरी कुणी वारलं, तर त्या दुखवट्याला जाऊन आल्या आणि हळूच मला म्हणाल्या, ‘समदी भावकी आलीया. आंघुळीचं पानी निघंल. पर आज मागू न्हाय.’ आणि मागितलं नाही. त्या दिवशी पेरूच्या दोन झाडांनी माना टाकल्या.

इथं एक गोष्ट कबूल करतो, कारण पुढचं सगळं खरं लिहायचं असेल तर हे आडवं येतं. त्या उन्हाळ्यात तुमचे पंचवीसपैकी तेवीस आंबे वाळले. मी तुम्हाला मे महिन्यात पाठवलेला आंब्याचा फोटो, जो तुम्ही मोठा करून क्लबच्या खोलीत लावलाय असं अक्कानं सांगितलं, तो ईटच्या रणधीररावांच्या बागेतला आहे. झाडाला टेकून उभी आहे ती त्यांची सून वैष्णवी, तिला तुम्ही आमच्या गावची स्वयंसेविका म्हणून ओळखता. आम्हाला पाणी नव्हतं आणि तुम्हाला फोटो पाहिजे होता, एवढंच त्यातलं कारण.

पण एक्क्याण्णव झाडं जगली. मेलेल्या झाडांत जी जगतात ती हट्टी असतात, असं सर म्हणायचे. गेल्या हिवाळ्यात पेरू लागले. आणि या जुलैत सीताफळाला पहिल्यांदा फळ धरलं. मथुराबाई रोज सकाळी एकेका झाडाखाली उभ्या राहून फळं मोजायच्या आणि रोज आकडा वेगळा यायचा, कारण मध्येच कुणाची तरी शेळी दिसली की त्या मोजणी सोडून जायच्या. सरांनी ठरवलं, दसऱ्याला सोन्याबरोबर घरटी दोन सीताफळं द्यायची. दोनशे घरं. पहिल्या दिवशी आलेल्या चाळीस माणसांनाही द्यायची का, यावर चन्नम्मा आणि मथुराबाईंचं जोरात भांडण झालं. चन्नम्मा म्हणत होती द्यायची, पण लाज वाटेल अशा रीतीनं द्यायची. मथुराबाई म्हणत होत्या, ‘लाज वाटायला ती असावी लागती.’ दोघी आठ दिवस एकमेकींशी बोलत नव्हत्या आणि आठही दिवस एकाच आळ्यातलं गवत काढत होत्या.

घट बसायच्या दिवशी सकाळी ओढा पात्र सोडून बागेकडं फिरला. शनिवारपासून पाऊस थांबलाच नव्हता. सात वाजता सर दारात आले, गुडघ्यापर्यंत चिखल, म्हणाले, ‘शिवपुत्र, दोर घ्या. मावशी खोलीतच आहेत.’ गावातली तरणी पोरं वरच्या वस्तीला जनावरं सोडवायला गेली होती. आम्ही दोघं, मी बासष्टचा आणि सर एकसष्टचे, दोर कमरेला बांधून बागेतून निघालो. पाणी मांडीला लागत होतं आणि सीताफळाच्या फांद्या, फळांसकट, पाण्यावर टेकल्या होत्या. मथुराबाई खाटेवर बसलेल्या, दोन्ही शेळ्या खाटेवर, आणि खाट हलायला लागलेली.

आम्हाला बघून त्या म्हणाल्या, ‘मला न्यायला जवान मानूस न्हाय का गावात? तुमालाच कोन तरी न्यायला पायजे.’

सर म्हणाले, ‘जवान माणसं म्हशींकडं गेलीत, मावशी. म्हाताऱ्यांच्या वाट्याला म्हातारी आली. चला.’

‘शेळ्या?’

‘एक शिवपुत्र घेतील.’

‘आन् दुसरी?’

सरांनी त्यांना पाठीवर घेतलं. मी एक शेळी गळ्यात टाकली, दुसरीचं दावं हातात धरलं. बांधाजवळ पाणी छातीला आलं तेव्हा दावं हातातून गेलं. मी सोडलं की सुटलं हे मला आजही सांगता येत नाही. मथुराबाईंनी मागं वळून बघितलं होतं. त्यावरून त्या पुढं मला एक शब्दही बोलल्या नाहीत, आणि त्यांच्यासारख्या बाईनं न बोलणं म्हणजे काय ते तुम्ही समजून घ्या.

शाळेच्या व्हरांड्यातून आम्ही बाग जाताना बघितली. मला वाटायचं झाडं मोडून पडतात, मग वाहतात. तसं नव्हतं. खालची मातीच निघाली आणि झाडं उभीच्या उभी, जशी लावली होती तशी रांगेत, थोडी पुढं सरकली आणि मग एकेक करून आडवी झाली. मथुराबाई पदर डोक्यावर घेऊन बघत होत्या. म्हणाल्या, ‘मुळासकट चालली बगा. इतकं खोल पानी घातलं, तरी.’ चन्नम्मानं त्यांचा हात धरला होता. भांडण झाल्यापासून पहिल्यांदा.

आम्ही त्याबद्दल कुणाशी बोललो नाही. आमच्या शेजारच्या कोंडीरामच्या चार म्हशी दावणीलाच बुडाल्या होत्या, त्या फुगून वर आल्यावर दोन दिवस गावात वास होता. लोकांच्या घरात गुडघाभर गाळ, सोयाबीन शेतात कुजलेलं, काहींची शेतंच उरली नाहीत, नुसता मुरूम. तिथं आमची हौसेची बाग गेली म्हणून कुणाजवळ रडायचं? पंचनाम्याला एक तरुण कर्मचारी आला, बिचारा चार दिवस झोपला नव्हता. त्यानं विचारलं, ‘बागेचा मालक कोण?’ सर म्हणाले, ‘सगळे.’ त्यानं कागद उलटासुलटा करून बघितला. सगळ्यांसाठी त्यात रकाना नव्हता. शेवटी त्यानं ‘ओढा’ असं लिहिलं आणि आमच्याबरोबर चहा पिऊन गेला.

तुमच्या पाट्या मात्र टिकल्या, दाजी. दोन किलोमीटर खाली बाभळींच्या काट्यांत त्या अडकून बसल्या आहेत. एका बाभळीवर ‘आंबा, केशर’ अशी पाटी आहे आणि कोपऱ्यात तो हसरा चेहरा. मी काढायला गेलो नाही.

मथुराबाईंना शाळेतच खोकला धरला. दवाखान्यात चला म्हटलं तर म्हणायच्या, ‘शेळीला कोन बघंल?’ नवव्या दिवशी धाप लागली तेव्हा सर आणि चन्नम्मा त्यांना भूमला घेऊन गेले. डॉक्टरांनी होईल ते केलं, पण छाती भरून आली होती. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी गेल्या. चन्नम्मा दोन दिवस उशाशी होती. बार्शीहून लेक आली ती पाणी पाजण्यापुरती वेळेवर पोचली.

पुढचं लिहायला नको होतं, पण तुम्ही घरचे आहात. स्मशानाचा ओटा वाहून गेलेला आणि गावात कोरडं लाकूड नाही. वाहून आलेली झाडं होती ढीगभर, पण ती ओली. रॉकेल ओतलं तरी नुसता धूर. लेक रडता रडता थांबली आणि धुराकडं बघत उभी राहिली. सर कुणाला न सांगता घरी गेले आणि त्यांनी आपला सागवानी दिवाण, लग्नातला, कुऱ्हाडीनं फोडला. त्यांच्या मंडळी संघप्रियाताई हातगाड्यावर त्या फळ्या घेऊन स्वतः ढकलत आल्या. मथुराबाई त्यावर गेल्या. सर आता जमिनीवर झोपतात आणि पाठीला आराम पडला असं सांगत फिरतात. (पडलेला नाही. उठताना भिंत धरतात.)

तर, दाजी, आता नऊ झाडं आहेत. वरच्या बांधालगतची आठ सीताफळं आणि एक जांभूळ. मिळून तीन फळं आहेत आणि त्यातलं एक पक्ष्यानं फोडलंय. बेचाळीस माणसांना दोन फळं कशी पुरवायची हा हिशेब मला जमत नाही. शिवाय हसण्याचं. तुमची मंडळी भली आहेत, पोटातून हसतात, तब्येतीला चांगलं असतं हे मला मान्य आहे. पण ज्या जागी ती गोल उभी राहतील तिथून कोंडीरामचा रिकामा गोठा दिसतो, आणि कोंडीरामला तिथून ती दिसतील. म्हणून बस आणू नका. राग मानू नका. कळावे, लोभ आहेच, तो या पावसात वाहिलेला नाही.

आपला,
शिवपुत्र

ता. क. बस ठरलीच असेल आणि मोडता येत नसेल, तर मंडळींना परस्पर परांड्याचा किल्ला दाखवा. तिथं मोठी तोफ आहे, जागा ऐसपैस आहे, आणि हसलं तरी कुणाला ऐकू जात नाही. क्लबच्या खोलीतला तो आंब्याचा फोटो काढू नका. वैष्णवीचा चांगला आलाय.

ता. क. २. आणखी एक. मथुराबाईंची उरलेली शेळी आमच्याकडं आहे. लेकीच्या घरी जागा नव्हती. ती दूध देते, पण चन्नम्मा धारेला बसत नाही, मीच काढतो आणि निम्मं सांडतं. हे तुम्हाला कळवण्यासारखं नाही, तरी लिहिलं.

ता. क. ३. वर जे पानंच्या पानं लिहिलं ते खरं आहे, पण त्याच्यासाठी पत्र लिहिलं नसतं, बसचं फोनवरही सांगता आलं असतं. घर दोन खोल्यांचं आहे, फोनवरचं सगळं चन्नम्माला ऐकू जातं. भूमहून आल्यापासून ती मला काही बोलत नाही. म्हणजे विचारलं तर उत्तर देते, भाकरी करते, ताट वाढते. पण बोलत नाही. परवा मी मुद्दाम चिखलाच्या चपलांनी देवघरापर्यंत गेलो. तिनं फडकं घेतलं आणि पुसून काढलं. बागेकडं एकदाही गेली नाही. आज सकाळी सर आले होते. दाराशी उभं राहून म्हणाले, ‘गाळ बसलाय तिथं चार-सहा खड्डे घेऊन बघू का? नाही म्हणालात तरी चालेल.’ मी चन्नम्माकडं बघितलं. ती म्हणाली, ‘तुम्ही म्हणाल तसं.’ लग्नाला चौतीस वर्षं झाली, हे वाक्य तिच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं.

अक्काला पाठवा, दाजी, तिच्याशी तरी चन्नम्मा बोलेल. दिवाळीचं निमित्त सांगा, माहेरपण सांगा, काहीही सांगा, मी लिहिलंय हे सांगू नका. तुमचे जेवणाखाण्याचे हाल होतील, ते मला कळतं, पण आठ-पंधरा दिवस सोसा. स्वारगेटहून कुठल्या गाडीत बसवलं तेवढं सरांच्या फोनवर कळवा. नाही कळवलं तरी शुक्रवारपासून मी रोज सकाळी भूम स्टँडवर येऊन बसणार आहे. पुण्याची प्रत्येक गाडी मला ओळखू येते.